बांधीवरचा डोंगर

"या डोंगराची काही परंपरा असेल ना?" पर्यटन खात्याच्या साहेबांनी विचारलं. "फलकावर लिहायची आहे."

परसराम डोंगराकडं बघत राहिला. डोंगर कसला, कालवा खोदताना निघालेल्या माती-मुरमाचा ढिगारा तो. परसरामच्या धानाच्या बांधीवर आणून ओतलेला. 'पावसाळ्याआधी उचलतो' म्हणून गेलेल्या ठेकेदारानं पुन्हा तोंड दाखवलं नव्हतं. ढिगाऱ्यावर आधी गवत उगवलं, मग बाभळी उगवल्या आणि यंदा पर्यटन उगवलं. भंडारा जिल्हा फुटला तेव्हा चांगले चांगले डोंगर गोंदियाकडं गेले, ही साहेबांची जुनी खंत. त्यात पवनी तालुक्याला डोंगरवाट मंजूर झाली आणि डोंगर मात्र कुणी मंजूर केला नाही. साहेब हवालदिल होऊन हिंडत होते. कोंढ्याच्या रस्त्यावर त्यांना हा ढिगारा दिसला आणि त्यांचा जीव भांड्यात पडला.

परसरामचा मात्र टांगणीला लागला. ही बांधी सोडली तर त्याच्याकडं दुसरी जमीन नव्हती. एकदा त्यानं बैलबंडी लावून माती उचलायला घेतली होती. एका बाबूनं येऊन बंडी अडवली. जमीन तुझी, पण माती सरकारी, घमेलंभर जरी हलली तरी गुन्हा. धान पिकवणारा माणूस दुकानातून तांदूळ आणू लागला. पिशवी तो शेल्याखाली झाकून आणायचा, कुणी विचारू नये म्हणून. आता ढिगाऱ्याचा डोंगर झाल्यावर साहेबांनी त्याला वाटाड्या नेमलं. टोपी दिली, शिट्टी दिली. त्याची बायको पंचफुला शिट्टी उलटीसुलटी करून पाहत म्हणाली होती, "शेत गेलं, शिट्टी आली. वाजवा आता."

तसा वाटाड्याला काही उद्योग नव्हता. खाली विडी पेटवली तर ती विझायच्या आत माणूस माथ्यावर. पण मंजूर वाट तीन किलोमीटरची. म्हणून ती ढिगाऱ्याभोवती जिलेबीसारखी गुंडाळली होती. चढणारा आणि उतरणारा इतक्यांदा समोरासमोर येत, की शेवटी एकमेकांच्या लेकराबाळांची चौकशी करत.

"आठवतंय का काही?" साहेबांनी पेनाचं टोपण काढलं.

परसरामनं माथ्याकडं पाहिलं. मग ढिगाऱ्याच्या पायथ्याशी, जिथं त्याच्या धुऱ्याचं, म्हणजे शेताच्या बांधाचं, टोक अजून बाहेर डोकावत होतं, तिथं पाहिलं.

"हाये ना साहेब," तो म्हणाला. "जो वर चढते, त्याले उतरताना माथ्यावरची माती संग न्या लागते. नाई तं चढाई पुरी होत नाई."

"वा! किती न्यायची?"

"जेवढी श्रद्धा तेवढी."

साहेब हरखले. फलकावर ठळक अक्षरांत परंपरा रंगवली गेली. उद्घाटनाच्या दिवशी साहेबांनी स्वतः रुमालात चिमूटभर माती बांधून घेतली आणि कपाळाला लावली.

नागपूरच्या मंडळींनी रिकाम्या डब्यांतून, पाण्याच्या बाटल्यांतून माती नेली. त्यानं ढिगाऱ्याचा केसही वाकडा झाला नाही. पण फलक गावातल्या मधुकररावांनीही वाचला. त्यांचं घर बांधणं चालू होतं, जोत्यात भरायला मुरूम हवा होता. दुसऱ्या दिवशी ते पांढरे बूट घालून आले. मागं ट्रॅक्टर-ट्रॉली. बाबू आडवा आला.

"मी डोंगर चढून राहिलो," मधुकरराव म्हणाले. "माही श्रद्धा मोठी हाये."

बाबूनं फलक पुन्हा पुन्हा वाचला. मग तो बाजूला झाला.

त्यानंतर तालुक्याला गिर्यारोहणाचं जे वेड लागलं, ते विचारू नका. कुणाला अंगणात भर घालायची होती, कुणाला गोठ्यात. गिरजाबाई सत्तरी ओलांडलेली, पण सुनेच्या खांद्यावर हात ठेवून माथा गाठून आली आणि नातवांनी खाली बंडी भरली. परसराम शिट्टी वाजवून ट्रॅक्टर मागंपुढं करायचा. चढल्याशिवाय मात्र कुणाला फावडं लावू द्यायचा नाही. परंपरा म्हणजे परंपरा. गर्दीची वार्ता वर पोचली, साहेबांचं कौतुक झालं, आणि सगळं छान चाललंय म्हटल्यावर बघायला कुणीच आलं नाही.

उन्हाळा सरता सरता एका सकाळी फावड्याखाली काळी माती लागली. परसरामची माती. त्यानं ती मुठीत घेतली आणि खाली बसून लहान पोरासारखा रडला. पंचफुला त्याला रडू देत शेजारी उभी राहिली. मग म्हणाली, "उठा. नांगर पाहा."

पावसानं साथ दिली. धानाच्या रोपांचे पऱ्हे जोमानं आले. बांधीत पोटरीभर पाणी उभं राहिलं, चिखल झाला आणि बायांनी ओळीनं रोवणा धरला. पंचफुला सगळ्यांच्या पुढं होती. तेवढ्यात रस्त्यावर जीप थांबली. साहेब उतरले, धुऱ्यावर आले आणि उभेच राहिले.

"परसराम, डोंगर कुठं आहे?"

परसराम चिखलातून वर आला. गुन्हा, तुरुंग, पुन्हा दुकानातला तांदूळ, सगळं त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. त्यानं हात जोडले.

"झिजला, साहेब. लोकं चढून चढून."

साहेब रागावले नाहीत. धुऱ्यावरच्या एकट्या फलकाकडं त्यांनी पाहिलं. चारी बाजूंनी बांधलेल्या त्या पाण्याकडं पाहिलं. बराच वेळ पाहिलं. हळूहळू त्यांचा चेहरा उजळत गेला. ते वाकले, पाण्यात हात घालून खोली अजमावली आणि मायेनं म्हणाले,

"परसराम, इथं बोट चालेल का हो?"