तेहतिसावं मिनिट

रोहिणीताईंनी शिवतेजच्या गुडघ्यावर यंत्राची कांडी फिरवली. नवं लिगामेंट उगवून आणायचं, तर जुनं कधी तुटलं ते यंत्र आधी वाचून दाखवायचं, अगदी मिनिटापर्यंत.

बाहेर बाकावर तालमीच्या फुटबॉल संघातली जुनी मंडळी बसली होती. "नाटक्या, रडतोयस का रं आत?" कुणीतरी ओरडलं आणि सगळे हसले. शिवतेजही हसला. कोल्हापुरातल्या त्याच्या मिसळीच्या गाड्यावर पाटीच होती, 'नाटक्याची मिसळ'.

हे नाव ताईंनीच दिलेलं. तीस वर्षांपूर्वी अंतिम सामन्यात तो गुडघा धरून पडला, तेव्हा संघाच्या फिजिओ त्याच होत्या. थंड फवारा मारून सगळ्यांदेखत म्हणाल्या होत्या, "ऊठ नाटक्या!" तो उठला, शेवटपर्यंत लंगडत खेळला, आणि त्याच्याच चुकीनं गोल होऊन त्यांची पेठ हरली.

पडद्यावर त्याच दिवसाची तारीख उमटली. तेहतिसावं मिनिट. लिगामेंट पूर्ण तुटलेलं. म्हणजे तो पडला तेव्हाच, फवाऱ्याच्या आधीच.

"काय म्हणतोय गुडघा, ताई?"

ताईंना त्याच्याकडे बघवेना. "शिवा, तुला तेव्हा कळलं नव्हतं?"

"दुखत होतं की. पण तुम्हीच तसं म्हणालात, मग वाटलं, मीच भ्यालो असणार." तो खाली बघत म्हणाला, "अजून वाटतंय."

ताईंनी कांडी ठेवली. बाहेर जाऊन त्या बाकासमोर उभ्या राहिल्या आणि हसणं थांबेपर्यंत थांबल्या.

"तुटल्या गुडघ्यावर हा पोरगा सत्तावन्न मिनिटं खेळला," त्या म्हणाल्या. "मी खेळवला."