तटबंदीतला गूळ

समुद्रातल्या जुन्या किल्ल्याचा ढासळलेला बुरूज पूर्वीच्याच रीतीनं, चुन्यात गूळ कालवून बांधायचा ठरला, तेव्हा गूळ गेला तो इंदापूरकडच्या बावडा गावातून, गेणूतात्यांच्या गुऱ्हाळातला. पिवळ्याधमक ढेपा! तात्यांनी साऱ्या गावाला ते शंभरदा ऐकवलं, आणि दोन वर्षांनी बायकोला, रंगूबाईला घेऊन बुरूज बघायला होडीत बसले.

साडेतीनशे वर्षांची जुनी भिंत लाटा खात तशीच उभी होती. तिला जोडलेल्या नव्या बांधकामाचा मात्र बोट लावताच भुगा झाला. तात्यांना शिसारीच आली. ते पचकन थुंकले.

"पूर्वजांच्या किल्ल्यातबी भेसळ करता व्हय रं? थू तुमच्या जिनगानीवर!"

तिथंच दगड घडवत बसलेला म्हातारा गवंडी मान वर न करता म्हणाला, "चुना मी स्वतः सहा महिने भिजवलाय. वाळू तीनदा धुतलीय. बाहेरून आला तो फक्त गूळ."

रंगूबाईनं तोंडाला पदर लावला.



"तरी म्या म्हनत व्हते, त्यो इकायचा पावडर मारल्याला नगं, आपुन घरी खातो त्यो काळा गूळ धाडा."