जोडीचा फोटो

ती बाई तिसऱ्यांदा आली, तेव्हा फोलाकेने आधी फोटोंचा खोका बंद केला आणि मगच “या” म्हटलं.

बाईचं नाव केहिन्दे. म्हणजे ती तसं सांगत होती. सरहद्दीपलीकडून, पोर्टो-नोवोहून दोन बस बदलून यायची. वय चाळिशीच्या पुढचं, अंगावर चांगलं कापड. बोलायची योरुबाच, पण मधेच फ्रेंच शब्द टपकायचे. येताना बसथांब्यावरून पानात बांधून गरम अकारे, म्हणजे चवळीचे वडे, आणायची. फुकट खाऊ घालणाऱ्याकडे आधी संशयाने बघावं, एवढं फोलाकेला तिच्या आईने शिकवून ठेवलं होतं.

“तो फोटो जरा बघू दे ना, पोरी.”

“परवा बघितलात. कालही बघितलात.”

“स्वतःचं तोंड किती वेळा बघावं, याचा नियम आहे का तुमच्याकडे?”

फोलाके लागोसच्या विद्यापीठातून तीन महिने या संग्रहालयात काम शिकायला आली होती. इजेबू-ओडेतला एक म्हातारा फोटोवाला वारला आणि त्याच्या मुलांनी बापाचे बारा खोके इथे आणून टाकले. कोणाचा फोटो, कधीचा, हे हुडकून प्रत्येकाखाली चिठ्ठी लावायची, हे तिचं काम. शनिवारी प्रदर्शन उघडणार होतं. एकच चिठ्ठी अडली होती. फोटोत दोन-अडीच वर्षांच्या दोन मुली, सारखे झगे, एका बाकावर शेजारी शेजारी. मागे लिहिलेलं, ‘इया इबेजीच्या लेकी, १९७१’.

इया इबेजी म्हणजे जुळ्यांची आई. बाजारात कापडाचं सगळ्यात मोठं दुकान तिचं. सत्तरी उलटली तरी येणारी-जाणारी बाई तिच्यापुढे गुडघा टेकायची, आणि ती जरा मान हलवून तो मान घ्यायची. लेकींपैकी तायवो दुकानावर बसे. केहिन्दे लहानपणीच गेली, असं सगळं गाव सांगत होतं.

आणि ही बाई म्हणत होती, ती मीच.

“मला वाढवणारी बाई यंदा गेली,” ती म्हणाली. “जाताना एवढंच बोलली, तू इजेबूची आहेस, जुळ्यांतली. मला काही नको, पोरी. चिठ्ठीवर मी जिवंत आहे असं लिही. आणि इयाने एकदा मला लेक म्हणावं.”

काही नको म्हणणाऱ्यांनाच सगळं हवं असतं, फोलाकेच्या मनात आलं. दुकान हवं असेल, घर हवं असेल. नाक तायवोसारखं होतं खरं. पण या बाजारात दर तिसऱ्या बाईचं नाक तसंच.

बाई गेल्यावर तिने त्या फोटोची मूळ काचेची निगेटिव्ह उजेडात धरली आणि भिंग लावलं. दोन्ही मुलींच्या डाव्या गुडघ्यावर एकच खपली, त्याच आकाराची. दोघींच्या मधून वरपासून खालपर्यंत केसाएवढी बारीक रेघ.

ती काच घेऊन संग्रहालयाचे प्रमुख अदेसान्या यांच्याकडे गेली.

“लागोसची पोर तू, तुला कोण सांगणार?” ते हसले. “आमच्यात जुळ्यांतलं एक गेलं, की उरलेल्याला फोटोवाल्याकडे न्यायचे. एकदा या बाजूला बसवायचं, एकदा त्या बाजूला, आणि एकाच चित्रात आणायचं. भिंतीवर जोडी पुरी दिसली पाहिजे.”

“म्हणजे ही तायवोच, दोनदा?”

“मग दुसरं कोण? केहिन्दे आजोळी तापाने गेली. बाप तेव्हा कानोच्या रस्त्यावर ट्रक चालवायचा. बिचाऱ्याला परतल्यावर हा फोटोच बघायला मिळाला.”

“थडगं नाही बघितलं?”

“लेकराचं थडगं आईबाप बघत नाहीत, बाई. एवढं तरी माहीत असू दे.”

फोलाकेचा बाईवरचा संशय पक्का झाला. शुक्रवारी तिने इया इबेजी आणि ती बाई, दोघींनाही बोलावून घेतलं.

इया इबेजी आली ती गडद निळ्या वस्त्रात, डोक्याला उंच फेटा बांधून. खुर्चीत बसली आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिली.

“हिला इथे बसायला कोणी सांगितलं?”

“मी बसले नाही, इया,” बाई म्हणाली. “गुडघ्यावर आहे.”

“मग तशीच राहा. नसती नाती जोडत फिरणाऱ्यांना तेच शोभतं.”

फोलाकेने काच पुढे केली, भिंग दिलं. “ही खपली बघा. आता इकडची बघा. मुलगी एकच आहे. दुसरी बसवायला उरलीच नव्हती.”

बाई कितीतरी वेळ भिंगावर वाकून राहिली. तिचा श्वास काचेवर उमटत होता.

“म्हणजे ती खरंच मेली,” ती हळू आवाजात म्हणाली. “मग मी कोण?”

“ते पोर्टो-नोवोला जाऊन विचार,” इया इबेजी म्हणाली. “माझ्या दुकानात कापड विकतात, आया नाही.”

बाई उठली. जाताना तिने म्हातारीच्या पायापुढची जमीन बोटांनी शिवली आणि बोटं छातीला लावली. फोलाकेला खिडकीतून ती दिसली, बसच्या थांब्याकडे चाललेली. खांद्यावरून घसरलेलं कापड सावरायचंही तिला भान नव्हतं. फोलाकेला क्षणभर वाईट वाटलं. पण खोटं ते खोटं. तिने पेन घेतलं आणि चिठ्ठी पुरी केली.

“वाच बघू काय लिहिलंस ते,” इया इबेजी म्हणाली.

“तायवो, दोनदा. जुळी बहीण केहिन्दे हिच्या मृत्यूनंतर काढलेला जोडीचा फोटो.”

म्हातारीने मान हलवली. खिडकीबाहेरची बस सुटेपर्यंत ती तिकडेच बघत होती.

“राहू दे तशीच,” मग ती म्हणाली. “पोर सरहद्दीपार तिला वाढवणाऱ्या त्या बाईच्या हाती दिली, आणि परतताना मी तायवोला सरळ स्टुडिओत नेलं. तिच्या बापाचाही याच फोटोवर विश्वास बसला होता.”