डब्यांची रांग

अनिरुद्धने रंगाचे डबे उचलून खिडकीखाली ठेवले आणि मुक्ताईच्या काळजात धस्स झालं.

"इथे उजेड छान पडतो," तो कॅमेऱ्यामागून म्हणाला. "तुम्ही तुमचं काम करत राहा. मी इथे नाहीच असं समजा."

समजा म्हणे! सदाशिव पेठेतला हा फोटोग्राफर आठ दिवस त्यांच्या कोथरूडच्या पत्र्याच्या शेडमध्ये ठाण मांडून होता. एकत्र राबणाऱ्या कुटुंबांचे कृष्णधवल फोटो काढून त्यांचं प्रदर्शन भरवायचं त्याच्या मनात होतं. माणूस सालस होता. पण इथले डबे हलवायचे नसतात, हे त्याला कोण सांगणार? आणि का हलवायचे नसतात, हे तर कुणालाच सांगायचं नव्हतं.

तिच्या नवऱ्याला, बोर्ड रंगवणाऱ्या उत्तरेश्वर पेंटरांना, सहा वर्षांपासून रंग दिसत नव्हते. नजर शाबूत होती. हात तर असा की पट्टी न लावता सरळ रेघ ओढावी. पण डोळ्यांच्या आजारात एकेक करून सगळे रंग गेले आणि उरलं ते करडं. तेव्हापासून मुक्ताई रोज सकाळी डबे एकाच क्रमाने मांडायची. आधी निळा, मग लाल, पिवळा, पांढरा आणि शेवटी काळा. ते न बघता ब्रश बुडवायचे. हे बाहेर कळलं असतं तर धंदा बसलाच म्हणायचा. आधीच निम्मी गिऱ्हाइकं कॉम्प्युटरवर कापलेल्या अक्षरांच्या नादी लागली होती.

आजचा बोर्ड राकेशच्या कॉम्प्युटर क्लासचा होता. अक्षरं निळीच हवीत, असं त्याने दोनदा बजावलं होतं. उत्तरेश्वरांनी सवयीने पहिल्या डब्यात ब्रश बुडवला. अनिरुद्धच्या मांडणीत पहिला होता लाल.

"अहो, तो लाल आहे." एवढे चार शब्द, पण परक्या माणसासमोर ती बोलणार कशी? ब्रश पांढऱ्या पत्र्याला टेकणार, तेवढ्यात मुक्ताई कळशी घेऊन लगबगीने पुढे झाली आणि तिने त्यांच्या कोपराला धक्का दिला. ब्रश निसटला, डबा लवंडला. कॅमेरा खटकन वाजला.

"डोळे फुटले का तुझे?" उत्तरेश्वर ओरडले.

"फुटले," ती म्हणाली आणि खाली बसून चिंधीने फरशी पुसू लागली. पुसता पुसता तिने डबे परत नेहमीसारखे लावले. उत्तरेश्वर ते बघत राहिले. मग त्यांनी आता पहिल्या आलेल्या डब्यात ब्रश बुडवून अक्षरं ओढायला घेतली. मुक्ताईला परक्यासमोर ऐकून घेतलेलं ते वाक्य फार लागलं होतं.

महिन्याभराने नारायण पेठेतल्या एका हॉलमध्ये प्रदर्शन भरलं. दारासमोरच, सगळ्यांत मोठा करून, अनिरुद्धने नेमका तोच फोटो लावला होता. सांडलेला रंग त्यात नुसता काळा दिसत होता. कोणता ते कुणालाच कळणार नव्हतं. मुक्ताईचा जीव भांड्यात पडला. राकेशही आला होता, आणि त्याच्याकडून अजून चार बोर्डांचं काम यायचं होतं.

"पेंटरचे फोटो आणि रंगाचा पत्ता नाही. धन्य आहे," पांढऱ्या मिश्यांचे एक गृहस्थ म्हणाले. "होता तोही बाईंनी सांडून ठेवलाय."

लोक हसले. राकेशही हसला. मुक्ताईने मान खाली घातली आणि नवऱ्याची बाही ओढली.

"चला, निघू या."

उत्तरेश्वर हलले नाहीत. त्यांनी फोटोजवळ जाऊन तो सावकाश निरखला. मग ते गृहस्थांकडे वळले. आवाज चढला नव्हता, पण हॉलभर ऐकू गेला.

"हिने नाही सांडला. मीच चुकीच्या डब्यात ब्रश घातला होता, तिने बोर्ड वाचवला."

"अहो, नको," मुक्ताई पुटपुटली.

"हा फोटो तुम्हाला जसा दिसतोय ना साहेब, तसंच मला सगळं जग दिसतं. सहा वर्षं झाली, आमच्या बोर्डांवरची अक्षरं तेवढी माझी. रंग हिचे आहेत."