उन्हातले सहा डबे

परत आलेले सहा डबे गॅलरीत उन्हात तापत होते. "तासभर कुणी हात लावायचा नाही," सासूबाईंनी दम भरला होता. करोनाची धास्ती त्यांनाच जास्त.

ह्यांचं मंगल कार्यालयातलं काम सुटलं, म्हणून आम्ही कडबोळी करायला घेतली. सोसायटीतलीच पहिली सहा गिऱ्हाइकं. प्लॅस्टिकचे डबे कुठे मिळेनात, म्हणून घरचे स्टीलचेच भरून दिले. पण तेवढ्यात भाजणी संपली आणि दुकानं बंद. नवी ऑर्डर नको, असं मी काल ग्रुपवर कळवूनही टाकलं.

तास होताच हे पुढे सरसावले. पहिल्या डब्यात तांदूळ. मग हरभऱ्याची डाळ, उडदाची डाळ, ज्वारी, धणे. शेजारचा डबा रिकामा परत करायचा नसतो, हे सगळ्यांनी पाळलं होतं.

"अहो, ही तर अख्खी भाजणी आहे," मी म्हणाले.

तळमजल्यावरच्या खोतकाकूंचा डबा मात्र रिकामा निघाला. "काही रीतभात?" सासूबाई फणकारल्या. ह्यांनी आतली चिठ्ठी वाचली, 'मुद्दाम रिकामा पाठवलाय. भरून द्या.'

सासूबाईंनी पदर खोचला.

"आधी तोच भरायचा."