टरबुजाचा भाव

बबिताच्या रीलनं चाळीस हजारांचा टप्पा ओलांडला, तेव्हा सुरभीला घास गिळवेना. गाझातल्या लेकरांसाठी आपण काहीतरी करू या, ही कल्पना कोणाची? सुरभीची. परीक्षेचा अभ्यास सोडून नकाशे कोणी काढले? तिनंच. आणि नाव झालं तांड्यावरच्या बबिताचं! कालपर्यंत जिला गाझा नकाशावर दाखवता येत नव्हतं, ती कॅमेऱ्यासमोर बसून कापडावर आरसे टाचायची आणि एकेका आरशाला तिथल्या एकेका गेलेल्या मुलाचं नाव घ्यायची. बस, एवढंच.

सुरभीनं स्वतःच्या खात्यावर टरबुजाच्या फोडीचं चित्र टाकलं होतं. फोडीचे रंग पॅलेस्टाईनच्या झेंड्याचे, म्हणून जगभर ती खूण चालते. त्यांच्या गावात, मुकुटबनात नाही चालली. "टरबूज काय भाव?" असं व्यापारी विचारू लागले. अनोळखी निरोपांचा ढीग पडला. दोन-चार उघडून तिनं तो नादच सोडला. बबिता तेव्हा पोट धरून हसली होती. ते हसणं सुरभीच्या मनात रुतून बसलं.

मग तिनं बबिताचं खातं खोटं असल्याची तक्रार ठोकली. वणीच्या मावसभावंडांनाही ठोकायला लावली. खातं बंद पडलं. त्या दिवशी सुरभी पोटभर जेवली.

आणि आज बबिता दारात उभी होती. डोळे सुजलेले.

"रील गेले तं गेले वो," ती म्हणाली. "पण गाझातली रीम रोज सकाळी मले लिहे, 'जिवंत आहो.' मी बी तिले तेच लिहो. आता कसं समजन? तिचा नंबर नाही माह्याजवळ. नवीन खातं उघडूनच नाही राह्यलं."

सुरभीला तिच्याकडे बघवेना.

"तिले मी तुही आयडी देल्ली होती. माही जिवाची मैत्रीण म्हणून. पाह्य ना, काही आलं काय?"

सुरभीनं कितीतरी दिवसांनी तो ढीग उघडला. टरबूज काय भाव? दहा क्विंटल भेटन का? भाव सांगा ताई. आणि त्यांच्यात, मोडक्यातोडक्या इंग्रजीत, रीमचा निरोप होता. आजच सकाळचा.

"वाच ना," बबिता म्हणाली.

सुरभी रीमचे शब्द मराठीत सांगू लागली.

"बबिता तीन दिवस दिसली नाही. ती जिवंत आहे ना?"