टाळूवरची पट्टी

व्हर्जिलने चौथ्यांदा हाक काढली आणि त्याच्या बायकोने, ओपलने, कानांवर हात ठेवले. रानटर्की पक्ष्याच्या मादीसारखी ही हाक शिकाऱ्याने काढली की नर झाडीतून बाहेर येतो. अडतीस वर्षं ती ओपलच्या स्वयंपाकघरात, गाडीत, एकदा तर चर्चमध्येही घुमली होती. आज मात्र गंजलेली बिजागरी करकरावी तशी ती येत होती.

शिकारीचा हंगाम सुरू व्हायच्या आदल्या शनिवारी बिटर क्रीक गावात हाकांची स्पर्धा ठरलेली. अग्निशमन दलाच्या शेडमधून बंब बाहेर काढायचे आणि आत खुर्च्या मांडायच्या. गेली नऊ वर्षं पहिला नंबर व्हर्जिलचा. शेडच्या मागे, पिकअप गाडीच्या मागच्या फळीवर त्याने हाका काढायचा सगळा संसार मांडला होता. लाकडी डबी, पाटी आणि तिच्यावर घासायची काडी, आणि टाळूला चिकटवून फुंकायची रबराची इवलीशी पट्टी. नऊही वर्षं तो पट्टीवरच जिंकला होता. पण हिवाळ्यात वरचे दात गेले, टाळू झाकणारी कवळी आली, आणि पट्टीला टाळूच सापडेना.

कवळीचा आग्रह ओपलचाच. पुतणीच्या लग्नात बोळकं घेऊन मिरवू नकोस, म्हणून ती हात धुऊन मागे लागली होती. आता व्हर्जिल दिवा मालवल्याशिवाय कवळी काढत नसे. बायकोलाही बोळकं दिसता कामा नये! तिला आधी हसू यायचं. आज वाईट वाटत होतं.

"डबी घे," ती म्हणाली. "डबीवर हात चांगला आहे तुझा."

"डबी पोरंसोरं वाजवतात."

"मग कवळी काढ."

चारचौघांत पँट काढायला सांगितल्यासारखा तो तिच्याकडे बघत राहिला.

तेवढ्यात डॉयल तळलेल्या माशांची बशी घेऊन आला. नऊ वर्षं दुसरा येणारा तो हाच. नाव मागे घेतलंस तरी कुणी काही म्हणणार नाही, वय झालं की माणसाने बाजूला व्हावं, असं त्याने मासा चघळत प्रेमाने सांगितलं. व्हर्जिलने डबी उचलून खिशात टाकली. पट्टी संपली, असं ओपलला वाटलं.

परीक्षक ताडपत्रीच्या आड बसतात. त्यांना फक्त नंबर कळतो, माणूस दिसत नाही. बाकी दोनशे माणसांना सगळं दिसतं. डॉयलने चांगल्या हाका काढल्या, हे ओपलनेही मनात कबूल केलं. मग सात नंबर पुकारला गेला.

व्हर्जिल मंचावर गेला. खिशातली डबी काढली, तिच्याकडे पाहिलं आणि पुन्हा ठेवून दिली. मग सगळ्यांच्या देखत त्याने कवळी काढली, रुमालात बांधली, आणि खाली येऊन ओपलच्या मांडीवर ठेवली. मागे कुणीतरी फिसकन हसलं. तो परत वर गेला आणि अंगठ्याने पट्टी टाळूला लावली.

तीन हाका. हलक्या. मग तो गप्प राहिला, इतका वेळ की खुर्च्या कुरकुरू लागल्या. आणि मग आणखी एक, आधीच्यांहून हळू. ओपलच्या अंगावर काटा आला. ती अगदी ओकच्या रानातल्या पहाटेची मादी होती.

"माझा नवरा आहे," तिने शेजारच्या बाईला सांगितलं. बाईने विचारलं नव्हतं.

शेवटी, सकाळी झाडावरून उतरताना मादी करते तो कलकलाट काढायचा होता, तिथे पट्टी घसरली आणि आवाज चिरकला. निकाल लागला तेव्हा डॉयल एका गुणाने पहिला होता. टोपी काढून तो व्हर्जिलसमोर येऊन उभा राहिला. व्हर्जिलनेच त्याचा हात धरून हलवला.

गावच्या पेपरातली कार्लीन कॅमेरा घेऊन आली. दोघांना उभं केलं, मग जरा घुटमळली.

"व्हर्जिलकाका, दात लावून घेताय ना?"

ओपलने रुमालाची गाठ सोडलीच होती.

"ज्या तोंडाने हाक काढली," व्हर्जिल म्हणाला, शब्द जरा फसफसले, "त्याचाच फोटो काढ."

ओपलने रुमालाची गाठ पुन्हा मारली, तो पर्समध्ये टाकला, आणि कुणी बोलावलं नव्हतं तरी जाऊन फोटोत त्याच्या शेजारी उभी राहिली.